मेलबर्नचे रानवेडे

सर्दी झाली म्हणजे घरातील वडील माणसे रुमालावर निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब टाकून तो हुंगावयास देतात. निलगिरीच्या उंच, सरळ झाडांच्या रांगाही महाराष्ट्रात रस्त्यांच्या कडेला आणि शेतांच्या बांधांवर पुष्कळ ठिकाणी दिसतात. हे झाड आपल्याकडे इतके परिचयाचे झाले आहे की, ते मूळचे दूरदेशीचे आहे याची सहसा कोणाला आठवणही होत नाही. निलगिरीचे माहेर ऑस्ट्रेलिया खंड होय. तेथे या झाडाच्या एकदोन नव्हे, तर शेकडो जाती आढळतात.

ऑस्ट्रेलियातील मूळच्या रानाची शोभा काही निराळीच आहे. कोठे आकाशाला भिडणारी निलगिरीची झाडे व त्यांच्या सावलीत पुरुषभर उंचीचे नेचे. कोठे पिवळ्याधमक फुलांनी लवलेली बाभळीच्या कुळातील झाडे. तर कोठे रेताड जमिनीवर पसरलेला खुरटा झाडोरा. अशा या देशी रानाला तेथील लोक ‘बुश’ असे म्हणतात. पोटाच्या पिशवीत पिले वाढविणारे कांगारू व कोआला, अंडी घालूनही पिलांना दूध पाजणारा प्लॅटिपस, इतर पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढणारा लायरपक्षी असे अनेक अद्भुत प्राणी या रानात राहतात.

या खंडाच्या आग्नेय टोकाला व्हिक्टोरिया नावाचे राज्य आहे. मेलबर्न हे त्याचे राजधानीचे शहर. या भूमीची खरी ओळख तेथील आदिवासींना हजारो वर्षांपासून होती. कोणते कंद खावयाचे, कोणत्या ऋतूत कोणता पक्षी येतो, कोणत्या झाडाची साल कोणत्या कामी येते, हे सारे ज्ञान त्यांच्या पिढ्यांनी मुखोद्गत जपले होते. पुढे युरोपातून लोक येऊन येथे वसती करू लागले. इ. स. १८५१ साली व्हिक्टोरियात सोने सापडले आणि माणसांचा लोंढाच लोटला. अवघ्या दहा वर्षांत तेथील लोकसंख्या सुमारे सातपट झाली! शेतांसाठी, घरांसाठी, खाणींसाठी आणि लोहमार्गांसाठी रानांवर कुऱ्हाड चालू लागली. नव्याने आलेल्या लोकांना या झाडांची नावेसुद्धा धड ठाऊक नव्हती. ज्याचे नावही माहीत नाही, त्याच्या नाशाचे दुःख कोणाला होणार?

परंतु सर्वच माणसे सारखी नसतात. मेलबर्नमध्ये रानाचे वेड असणारी काही माणसे होती. सुटीचा दिवस आला की, ती कीटक, फुले, शंख, शेवाळे पाहत हिंडत असत. त्यांपैकी चार्ल्स फ्रेंच हे एक होते. त्यांनी लहान वयातच रोपवाटिकेत उमेदवारी केली होती. मातीत हात घालून शिकलेला हा मनुष्य पुढे व्हिक्टोरिया सरकारचा पहिला कीटकतज्ज्ञ झाला. फ्रेंच आणि त्यांच्यासारखेच इतर रानवेडे यांनी इ. स. १८८० च्या मे महिन्यात एकत्र येऊन एक मंडळ स्थापन केले. त्याचे नाव ‘फील्ड नॅचरलिस्ट्स क्लब ऑफ व्हिक्टोरिया’, म्हणजे व्हिक्टोरियातील रानोमाळ हिंडून निसर्गाचा अभ्यास करणाऱ्यांचे मंडळ. फ्रेडरिक मकॉय हे विद्वान प्राध्यापक त्याचे पहिले अध्यक्ष झाले. फर्डिनांड फोन म्यूलर या थोर वनस्पतिशास्त्रज्ञांचाही मंडळाला आधार लाभला. तथापि, हे मंडळ केवळ विद्वानांचे नव्हते. ज्याच्या अंगी कुतूहल आहे, त्या प्रत्येकाला तेथे स्थान होते. प्राध्यापकाच्या शेजारी बसून साधा कारकूनही आपल्या भुंगेऱ्याची हकिकत सांगू शकत असे.

मंडळाची कामाची रीत अगदी साधी होती. सुटीच्या दिवशी सभासदांनी मिळून एखाद्या रानात, ओढ्याकाठी किंवा समुद्रकिनारी जावयाचे. बरोबर भिंग, जाळी, नमुने ठेवण्याची डबी आणि टिपणवही घ्यावयाची. जे दिसेल ते थांबून नीट पाहावयाचे आणि तेथल्या तेथे लिहून ठेवावयाचे. नंतर मंडळाच्या सभेत आणलेले नमुने मेजावर मांडावयाचे व आपण काय पाहिले ते इतरांना सांगावयाचे. कोणी चूक केली, तर जाणता सभासद ती दुरुस्त करी. कोणी नवीन काही पाहिले, तर सर्वांच्या ज्ञानात भर पडे. पाहणे, टिपणे आणि सांगणे या तीन गोष्टींवर हे मंडळ उभे राहिले. सांगितलेले वाऱ्यावर विरून जाऊ नये म्हणून जानेवारी १८८४ मध्ये मंडळाने ‘द व्हिक्टोरियन नॅचरलिस्ट’ हे नियतकालिक सुरू केले.

त्या काळी पक्षी मारून आणि अंडी गोळा करून संग्रह करण्याची चाल सर्वत्र होती. आज ती आपणांस क्रूर वाटते, आणि ते योग्यच आहे. पुढे पुढे बंदुकीची जागा दुर्बिणीने घेतली. निसर्गाचा अभ्यास करता करता माणसाचे मनही हळूहळू बदलत जाते, याचेच हे उदाहरण होय.

ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीचे सर्वांत दक्षिणेकडील टोक ‘विल्सन्स प्रॉमंटरी’ या नावाने ओळखले जाते. ग्रॅनाइटचे डोंगर, दाट झाडी, पांढरी वाळू आणि तिन्ही बाजूंनी समुद्र असे हे रम्य भूशिर आहे. इ. स. १८८४ साली मंडळाचे लूकस, ग्रेगरी आणि रॉबिन्सन हे तीन सभासद खडतर वाटेने पायी प्रवास करून तेथे पोहोचले. यांपैकी लूकस हे शाळेत शिक्षक होते. तेथील झाडे, पशुपक्षी आणि खडक यांचे वर्णन मंडळाच्या नियतकालिकात छापून आले. ज्यांनी ते भूशिर कधी पाहिले नव्हते, त्यांनाही त्याचे महत्त्व कळले.

पुढे १८८७ साली या भूशिरावर परदेशातून लोक आणून वसाहत करावी, अशी योजना पुढे आली. वसाहत झाली असती, तर झाडी तुटली असती आणि प्राणी परागंदा झाले असते. मंडळाने या योजनेस विरोध केला व हे भूशिर राष्ट्रीय उद्यान म्हणून राखावे, अशी मागणी केली. इतर विद्वत्संस्थाही त्यांना येऊन मिळाल्या. अर्ज केले, शिष्टमंडळे नेली, वर्षामागून वर्षे गेली. अखेर १८९८ साली सरकारने ही जमीन तात्पुरती राखून ठेवली आणि १९०८ सालापर्यंत ती कायमची राखीव झाली. आज हे सुमारे ५० हजार हेक्टरांचे राष्ट्रीय उद्यान आहे. या लढ्यात सभासदांजवळ ना पैसा होता, ना सत्ता. त्यांच्या हाती होत्या त्या फक्त टिपणवह्या. परंतु तेथे काय आहे हे त्यांना नेमके ठाऊक होते, आणि म्हणूनच काय नष्ट होईल हे ते नेमकेपणाने सांगू शकले.

मंडळाच्या सभासदांत एडिथ कोलमन नावाच्या बाई होत्या. लग्नापूर्वी त्या शिक्षिका होत्या. मेलबर्नजवळ ब्लॅकबर्न येथे त्या राहत असत. इ. स. १९२२ साली त्या मंडळात आल्या, तेव्हा त्यांचे वय अठ्ठेचाळीसच्या आसपास होते. त्या वयात त्यांनी रानातील ऑर्किडांचा अभ्यास आरंभला. ऑर्किडाला मराठीत आमरी असे म्हणतात.

इ. स. १९२७ च्या उन्हाळ्यातील गोष्ट. ऑस्ट्रेलियात डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळा असतो, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. बाईंची मुलगी डोरोथी हिला एक चमत्कारिक दृश्य दिसले. लालसर रंगाच्या एका लहानशा आमरीच्या फुलात एक सडपातळ गांधीलमाशी शिरत होती. परंतु डोके पुढे करून नव्हे, तर पाठमोरी! मध चाखावयास आलेला कीटक पाठमोरा कशाला शिरेल? मुलीने आईला हे सांगितले. आईने ते हसण्यावारी नेले नाही. ती स्वतः जाऊन बसली आणि तासन् तास पाहत राहिली.

तेव्हा दिसून आले ते असे. या फुलाकडे येणाऱ्या साऱ्या माशा नर होत्या. फुलात त्यांना खावयास काहीच मिळत नव्हते. तरी त्या पुनःपुन्हा येत आणि जाताना शेपटाकडील टोकाला परागांचे पुंजके चिकटवून नेत. फुले तोडून घरात आणून ठेवली, तरी त्यांचा माग काढीत माशा तेथेही येऊन पोहोचत. म्हणजे त्या वासावरून येत होत्या. बाईंनी अनुमान बांधले की, ही आमरी मादी माशीचे सोंग घेते. तिचा आकार मादीसारखा आणि वासही मादीसारखा. नर फसतो, फुलावर बसतो आणि नकळत एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला नेऊन पोहोचवितो. बिनपैशाचा टपालवालाच म्हणावयाचा!

ही हकिकत बाईंनी त्याच वर्षी मंडळाच्या नियतकालिकात लिहिली. उत्तर आफ्रिकेतील काही आमरींविषयी असे निरीक्षण १९१६ साली प्रसिद्ध झाले होते. परंतु ऑस्ट्रेलियातील हे नवल कोलमनबाईंनीच प्रथम उजेडात आणले. इंग्लंड-अमेरिकेतील नामांकित शास्त्रज्ञांनी त्यांच्या लेखाची दखल घेतली. ऑस्ट्रेलियातील निसर्गाभ्यासकांचा गौरव करण्यासाठी एक पदक १९४० सालापासून देण्यात येते. ते १९४९ साली कोलमनबाईंना मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. जवळ प्रयोगशाळा नाही, मोठा हुद्दा नाही; पण मुलीने सांगितलेल्या एका छोट्या गोष्टीचे मोल त्यांना कळले, यातच त्यांचे मोठेपण आहे.

मंडळाचे पहिले अध्यक्ष मकॉय यांनी १८६७ साली एका चिमुकल्या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले होते. त्याचे नाव लेडबीटरचा पॉसम. वस्तुसंग्रहालयात प्राण्यांच्या कातड्यांत पेंढा भरून ते जतन करणाऱ्या जॉन लेडबीटर यांच्या नावावरून हे नाव ठेवले गेले. हा प्राणी आकाराने खारीएवढा, रंगाने करडा. पाठीवर गडद पट्टा, आणि शेपटी मुळाशी बारीक तर टोकाकडे जाड, झुबकेदार. दिवसभर तो झाडाच्या ढोलीत कुटुंबकबिल्यासह झोपतो व रात्री बाहेर पडून बाभळीच्या कुळातील झाडांचा डिंक आणि किडे खातो.

या प्राण्याचे अवघे पाच नमुने संग्रहालयात जमा झाले. पाचवा नमुना १९०९ सालचा. पुढे तो कोणालाच दिसला नाही. जेथे तो प्रथम सापडला होता, त्या दलदलीच्या प्रदेशातील पाणी काढून तेथे शेते झाली होती. त्यात १९३९ साली व्हिक्टोरियातील डोंगराळ रानांना भयंकर वणवे लागले. आता हा प्राणी पृथ्वीवरून नाहीसा झाला, असे अनेक जाणकार मानू लागले.

एरिक विल्किन्सन हे एक तरुण निसर्गाभ्यासक होते. ३ एप्रिल १९६१ च्या संध्याकाळी ते मेलबर्नच्या ईशान्येस असलेल्या कॅम्बरव्हिल नावाच्या ठिकाणी रानात गेले. हे रान उंच निलगिरींचे. यांतील ‘माउंटन अॅश’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निलगिरीला शास्त्रीय नाव दिले होते ते मंडळाचे आधारस्तंभ म्यूलर यांनी. फुले येणाऱ्या झाडांत जगात अत्यंत उंच वाढणाऱ्या झाडांपैकी हे एक. काळोखात विल्किन्सन यांना एक लहानसा प्राणी दिसला. अशा आकाराचा दुसराही एक पॉसम त्या रानात असतो. पण त्याच्या हातापायांमध्ये कातडीचा पडदा असतो आणि तो त्याच्या योगाने हवेत तरंगत जातो. या प्राण्याला तसा पडदा नव्हता. शेपटी पाहावी, तर टोकाकडे झुबकेदार! ज्याची सर्वांनी आशा सोडली होती, तोच हा प्राणी. पन्नासहून अधिक वर्षांनंतर लेडबीटरचा पॉसम पुन्हा माणसाच्या दृष्टीस पडला. या शोधाचा वृत्तान्तही मंडळाच्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मकॉय यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी जपून लिहिलेले वर्णन जवळ नसते, तर हा प्राणी डोळ्यांसमोर येऊनही ओळखू आला नसता.

पुढे १९७१ साली व्हिक्टोरिया राज्याने या प्राण्याला आपल्या राज्याचे मानचिन्ह केले. परंतु मानचिन्ह झाल्याने संकट टळत नाही. या पॉसमाला राहावयास ढोली पाहिजे, आणि निलगिरीच्या खोडात त्याला पुरेशी ढोली तयार होण्यास दीडशे वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. तसेच खाण्यासाठी त्याला बाभळीची तरुण, दाट झाडेही जवळ लागतात. १९३९ च्या वणव्यात जी जुनी झाडे जळाली, त्यांची पोकळ खोडे तशीच उभी राहिली आणि त्यांच्याभोवती कोवळे रान उगवले. त्यामुळे काही काळ पॉसमाची सोय झाली. पण ती मृत खोडे आता कोसळून पडत आहेत. दरम्यान लाकडासाठी रानांची तोडही झाली. ७ फेब्रुवारी २००९ रोजी पुन्हा भीषण वणवे लागले आणि या प्राण्याचे जवळजवळ अर्धे निवासस्थान भस्मसात झाले. २०१५ साली त्याची गणना अत्यंत संकटग्रस्त प्राण्यांत करण्यात आली. निसर्गप्रेमी माणसे झाडांवर लाकडी खोकी बसवून त्याला घरे पुरवितात. १ जानेवारी २०२४ पासून व्हिक्टोरिया राज्याने सरकारी मालकीच्या देशी रानांतील लाकूडतोडीचा धंदा बंद केला. तथापि, आज लावलेल्या झाडाला ढोली होण्यास दीडशे वर्षे लागणार! तोपर्यंत उरलेल्या जुन्या झाडांना जपणे एवढेच माणसाच्या हाती आहे. कुऱ्हाडीला एक तास पुरतो. ढोलीला पाच-सहा पिढ्या लागतात.

मेलबर्नचे ते मंडळ आजही चालू आहे. ब्लॅकबर्न येथे, म्हणजे कोलमनबाई राहत असत त्याच उपनगरात, त्याची स्वतःची वास्तू आहे. वनस्पती, प्राणी, भूगर्भ, सागरी जीव, बुरशी अशा निरनिराळ्या विषयांचे गट तेथे काम करतात. मुलांचाही एक गट आहे. त्यांचे नियतकालिक १८८४ पासून आजतागायत चालू आहे. दुर्बिणी सुधारल्या, छायाचित्रे काढणे सोपे झाले, रात्री आपोआप चित्र टिपणारी यंत्रे आली; परंतु मूळ रीत बदललेली नाही. पाहावे, टिपावे आणि सांगावे.

जगात जे जे मोठे आहे, ते मोठ्या माणसांनीच केले, असे पुष्कळांना वाटते. या मंडळाची कथा तसे सांगत नाही. येथे रोपवाटिकेतला उमेदवार आहे, शाळेतला शिक्षक आहे, घरसंसार सांभाळणारी आई आहे आणि आईला हाक मारणारी मुलगी आहे. त्यांनी आपल्या गावाजवळच्या रानाकडे मन लावून पाहिले, एवढेच त्यांचे वैशिष्ट्य. त्यांच्या नोंदींमुळे एक भूशिर वाचले, एका फुलाचे गुपित उकलले आणि हरवलेला एक प्राणी ओळखता आला. घराच्या अंगणातील जास्वंदीवर कोणते पाखरू केव्हा येते, शाळेच्या वाटेवरील वडाच्या ढोलीत कोण राहते, हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच त्या जास्वंदीची आणि त्या वडाची काळजी वाटते. ज्याची ओळख पटली, त्याला परके कोण म्हणेल?

स्वाध्याय

१. मेलबर्नच्या मंडळाची कामाची रीत कोणत्या तीन गोष्टींवर उभी होती? प्रत्येकीचे एकेक उदाहरण पाठातून शोधून लिहा.

२. विल्सन्स प्रॉमंटरी वाचविण्याच्या कामी सभासदांना टिपणवह्यांचा उपयोग कसा झाला?

३. ‘बिनपैशाचा टपालवाला’ असे कोणाला म्हटले आहे? का?

४. ‘कुऱ्हाडीला एक तास पुरतो, ढोलीला पाच-सहा पिढ्या लागतात.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : मुखोद्गत, परागंदा होणे, हसण्यावारी नेणे, उजेडात आणणे.

६. घराजवळचे किंवा शाळेजवळचे एखादे झाड निवडा. सात दिवस रोज ठरावीक वेळी त्याच्याकडे पाहून काय दिसले ते वहीत लिहा आणि आठव्या दिवशी वर्गात वाचून दाखवा.